मुकी फेरी

आईनं फाटकातून आत पाय टाकला आणि घरातल्या सगळ्यांनी तोंडं मिटून घेतली. रीतच होती तशी. या घरानं कुठलीही इमारत पुरी केली की तिच्यावर पाट्या लागायच्या आत घरातल्या एकानं तिची फेरी करायची. ज्यानं नकाशा पाहिलेला नाही, जो बांधकामावर एकदाही फिरकलेला नाही, अशानं. त्याला कुठं पोचायचं तेवढं सांगायचं, कसं ते सांगायचं नाही. बाकीच्यांनी दहा पावलं मागून चालायचं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, घसासुद्धा खाकरायचा नाही. माणूस न विचारता पोचला तर इमारत पास. त्याला वाट विचारावी लागली तर दोष बांधणाऱ्याचा.

ही रीत घातली थोरला आणि धाकटा या दोघा भावांच्या वडिलांनी. त्यांना घरीदारी सगळे गवंडीच म्हणत, बायकोसुद्धा. गवंड्यांना अक्षर म्हणून वाचता येत नव्हतं. "दारावर पाटी लावली म्हणजे झालं का?" ते म्हणायचे. "ज्याला वाचता येत नाही त्यानं काय बाहेरच उभं राहायचं? भिंतीनं सांगितलं पाहिजे, ये म्हणून." एकदा त्यांनीच बांधलेल्या धान्यबाजारात त्यांचा मेहुणा तीन चकरा मारून शेवटी हमालाला वाट विचारून बसला. गवंड्यांनी आठ दिवसांत मधली भिंत पाडली होती, स्वतः पहार हातात घेऊन. त्या दिवसांत ते घरात कुणाशी धड बोलले नव्हते.

आणि आज त्यांची बायको, म्हणजे आई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, थोरल्यानं नकाशा काढलेल्या आणि धाकट्यानं बांधलेल्या सरकारी दवाखान्याच्या अंगणात एकटी उभी होती. तिला सांगितलं होतं, "केसपेपरच्या खिडकीशी जायचं." बस्स. परवा उद्घाटन होतं. मोठी माणसं यायची होती, मांडव पडला होता, फुलांच्या कमानीचा सांगाडा अजून उघडाच होता.

दवाखाना होता मात्र बघत राहावा असा. एकवीस पायऱ्या, काळ्या दगडाच्या, इतक्या घोटलेल्या की त्यात आभाळ दिसावं. वर चार मजले कोरी पांढरी भिंत, तिला खिडकी म्हणून नाही. मधोमध दोन पुरुष उंचीची काच, तेच दार. त्याला कडी नाही, मूठ नाही, चौकट नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार होता, पण मागच्या बाजूला. तो समोर घ्यावा म्हणून धाकटा आणि थोरल्याची मुलगी दोघांनी वर्षभर डोकं फोडलं होतं. "समोर घेतला तर इमारतीचा चेहरा कापला जातो," हे थोरल्याचं एकच उत्तर. मुलगीही आर्किटेक्टच होती, बापाच्याच हाताखाली. तिला सगळे पट्टी म्हणत, कारण ती लहानपणापासून सरळ बोलायची आणि मध्येच मोडायची नाही.

आई अंगणात क्षणभर थांबली. उजवीकडे तिनं पाहिलं. तिकडं इमारतीच्या कुशीला पत्र्याची शेड होती, खाली बाकडं होतं, एक बुटकं दार सताड उघडं होतं. मग तिनं मान फिरवली आणि ती समोरच्या पायऱ्यांकडे चालू लागली.

धाकट्याच्या तोंडून हलकासा सुस्कारा निघाला. पट्टीनं चमकून बापाकडे पाहिलं. थोरला आपल्या बुटांकडे पाहत होता.

आई चढली. अकराव्या पायरीवर दम खाल्ला, पुन्हा चढली. काचेपाशी आली आणि काचेला हात न लावता, अगदी दीड हातावर, शांत उभी राहिली. काच दोन बाजूंना सरकली. आत शिरून ती डावीकडे वळली. पुढं दोन बोळ लागले, त्यांतला निळ्या खांबाचा तिनं धरला, आणि सरळ केसपेपरच्या खिडकीसमोर जाऊन थांबली. तिनं वळून सगळ्यांकडे पाहिलं. थोरल्याकडे मात्र नाही.

टाळ्या वाजल्या. रिकाम्या दालनात त्या फारच मोठ्या वाटल्या.

"मानलं बुवा तुला!" धाकट्यानं थोरल्याला कवेत घेतलं. दोघा भावांत असं काही गेल्या सहा-सात वर्षांत झालं नव्हतं. "दादा, मी पैज मारली असती. म्हटलं, आई त्या पायऱ्या बघूनच मागं फिरणार. एवढा भांडलो तुझ्याशी, उगाच."

"जाऊ दे," थोरला म्हणाला.

"जाऊ दे काय? चुकलो तर चुकलो म्हणावं माणसानं. बाबा असते तर त्यांनीच कान धरला असता माझा." धाकट्याचे डोळे खरंच भरून आले होते. हा माणूस शंभर मजुरांना एका हाकेत जागेवर आणणारा, पण बापाचं नाव निघालं की पाघळायचा. "तू मोठा झालास रे दादा. त्यांच्याहून मोठा झालास."

थोरल्याला वाटलं, जमिनीनं आता पोटात घ्यावं. कारण सकाळी सात वाजता तो आईच्या खोलीत गेला होता.

आई केस विंचरत होती. तो दारातच उभा राहिला. "गुडघे कसे आहेत?" असं काहीतरी विचारलं. मग एका दमात सांगून टाकलं, "समोरच्या पायऱ्याच चढ. वर काच आहे, तिला हात लावू नकोस, समोर उभी राहा, आपोआप उघडते. आत गेलीस की डावीकडे. निळा खांब दिसेल, तिथून सरळ." आईचा हात केसांतच थांबला. "तुला उगाच हेलपाटा नको म्हणून सांगतोय," तो म्हणाला. आई आरशातून त्याच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बरं." एवढंच. तिथून बाहेर पडताना बोळात त्याची बायको उभी होती, हातात धुतलेले टॉवेल घेऊन. तिनं टॉवेल एका हातातून दुसऱ्या हातात घेतले आणि वाट दिली.

आता तीच बायको दालनाच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. अगदी हळू, तळवे जेमतेम टेकतील एवढ्या. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि तो कानकोंडा होऊन खिडकीवरची नसलेली धूळ पुसू लागला.

"आजी," पट्टी म्हणाली, "एक विचारू?"

"विचार की."

"काच उघडते हे तुला कसं कळलं?"

"दार म्हटलं की उघडायचंच."

"पण तू ढकललं नाहीस. माझे वर्गमित्र आले होते परवा, पाचही जण आर्किटेक्ट. पाचही जणांनी ढकललं. एकानं तर कपाळ आपटून घेतलं."

"पट्टे," धाकटा म्हणाला, "पुरे आता. आपण दोघं एका बाजूला होतो, आपण दोघं हरलो. मी कबूल केलं, तूही कर."

"काका, मी फक्त विचारतेय."

"विचारायचं नसतं. रीत काय आहे? पोचली की पास. त्यावर फाटे फोडायचे नाहीत."

कालपर्यंत काका-पुतणी एका ताटात जेवल्यासारखे होते, सगळ्या बैठकांना बापाविरुद्ध एकत्र. आता काकानं पाठ फिरवली आणि पोर एकटी पडली. थोरल्यानं तिला सावरायला हवं होतं. ते राहिलं बाजूला, उलट त्याच्या तोंडून निघालं, "प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय लागलीये तिला." स्वतःचंच वाक्य त्याच्या कानात शिरलं आणि त्याला शिसारी आली. मुलगी बरोबर होती. तिला गप्प बसवण्यासाठी त्यानं बापपणाचा आवाज वापरला होता.

"विचारू द्या की तिला," बायको म्हणाली. आवाज साधाच होता. "विचारल्यानं काय होतंय?"

"वहिनी, तुम्ही पण?"

"मी काही म्हणत नाही, भाऊजी. म्हणायचं त्यांनी म्हणावं."

'त्यांनी' म्हणजे कुणी, हे तिनं सांगितलं नाही. धाकट्याला वाटलं, आईबद्दल बोलतेय. थोरल्याला काय वाटायचं ते वाटलं. त्यानं थर्मास उघडला आणि सगळ्यांना चहा ओतायला घेतला, जे त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

आई केसपेपरच्या खिडकीशेजारच्या बाकावर बसली होती. चहा घेतला नाही तिनं. हात मांडीवर ठेवून ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती, आणि थोरल्याला ते हात नको इतके दिसत होते. या हातांनी वीस वर्षं डोक्यावरची घमेली सावरली होती. गवंडी वर, ती खाली. बांधून झालेल्या घरांत नंतर तिला कुणी पाणी द्यायलाही बोलावलं नाही. याची तिनं कधी तक्रार केली नाही. थोरल्याच्या मनात मात्र ते लहानपणापासून सलत होतं. कॉलेजात त्याला पोरं म्हणायची, "याला वीट दे, लावून दाखवेल." तेव्हा त्यानं ठरवलं होतं की आपण अशी इमारत काढायची की बघणाऱ्याला गवंड्याच्या पोरानं काढली असेल अशी शंकासुद्धा येऊ नये. तीस वर्षांनी ती काढून झाली. खरंच कुणाला शंका आली नसती.

तेवढ्यात दालनाच्या मागच्या कोपऱ्यातलं लहान दार धाडकन उघडलं आणि मावशी बाहेर आली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. गावाहून पहिल्या बसनं यायची होती, बस चुकली होती, त्यामुळे फेरी तिच्याविना उरकली होती. खांद्याला पिशवी, कपाळावर घाम, पदराला कसलातरी पांढरा डाग.

"आहात का सगळे? बरं झालं बाई! मला वाटलं, चुकीच्या गावात उतरले."

"मावशी!" धाकटा पुढं धावला. "अगं, तू इकडून कुठून आलीस? तिकडं धुलाईची खोली आहे, मशिनं चालवून बघतायत."

"ती तर पाहिली. एवढी मोठी मशिनं! एका पोरीनं विचारलं, चादरी न्यायला आलात का? म्हटलं, नाही गं बाई, भाचा आहे माझा इथला मोठा. ती हसायलाच लागली."

सगळे हसले. आईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. मावशीला हसणारी माणसं मिळाली की ती थांबायची नाही. तिनं पिशवी खाली ठेवली आणि कंबरेवर हात घेतले.

"मग पुढं कपड्यांच्या गाठोड्यांतून वाट काढली, एक जिना उतरले, परत चढले, कुठल्याशा खोलीत नुसते डबेच डबे. म्हटलं, मरते मी आता इथं. दवाखान्यातच आहे म्हणा, सोयच झाली."

"पण मावशीआजी," पट्टी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही समोरून का नाही आलात?"

"कुठल्या समोरून?"

"समोरच्या पायऱ्यांवरून. काळ्या."

"ते होय? ते पण इथलंच आहे?" मावशीनं आ वासला. "मला वाटलं कोर्ट आहे. नाहीतर मोठ्या साहेबाची कचेरी. मी गेले होते तिथपर्यंत. एका पायरीवर पाय पण ठेवला. मग खाली बघितलं, तर माझ्या चपलेचा मातीचा ठसा उठलेला त्या दगडावर. रुमालानं पुसला आणि आले परत. कुणी बघितलं नाही, नशीब."

आता कुणी हसलं नाही. मावशीच्या ते ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"बाजूला शेड होती," ती जरा हळू म्हणाली. "बाकडं होतं, दार उघडं होतं. म्हटलं, आपल्यासारख्यांचा दवाखाना हाच असणार. का हो? काही चुकलं का माझं?"

"तुझं काही चुकलं नाही," आई म्हणाली.

धाकटा मावशीकडे पाहत होता. मग त्यानं आईकडे पाहिलं. हिशेबाला तो कच्चा नव्हता. दोघी एका घरात वाढलेल्या, एकीसारखी दुसरी. तीच पायरी बघून एक ठसा पुसून परत फिरली आणि दुसरी थेट वर चढून कडी नसलेल्या काचेपुढं बरोबर दीड हातावर उभी राहिली.

"आई," तो म्हणाला, "तू कशी गं गेलीस समोरून?"

मागच्या खोलीतल्या मशीनची घरघर ऐकू येत होती.

"गेले आपली," आई म्हणाली. "मला वाटलं, तिकडूनच असेल."

आई कधी खोटं बोलल्याचं थोरल्याला आठवत नव्हतं. दुधात पाणी घातलंय का असं शेजारणीनं विचारलं तर 'हो, पाव वाटी' म्हणून सांगणारी ही बाई. ती आता, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, नवऱ्यानं घातलेल्या रीतीत, सगळ्या घरासमोर खोटं बोलली होती. त्याच्यासाठी. आणि बोलताना तिचा चेहरा लाल झाला होता, चोरी पकडलेल्या लहान मुलीसारखा.

यानंतर थोरल्यानं जे केलं ते सांगायलाच हवं, कारण पुढं आयुष्यभर ते त्याला खात राहिलं. तो गप्प बसला. किती वेळ? चहाचे दोन घोट होतील इतका. तेवढ्या वेळात त्याच्या मनात आलं की हे निभावून जाईल. धाकट्याला विश्वास ठेवायचाच आहे, मावशी काय, भोळी बाई आहे, आणि पट्टीला समजावता येईल. आई खोटी पडली तर पडली, तिला कोण विचारणार आहे. असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, स्वच्छ, मुद्देसूद.

मग त्यानं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. मावशीच्या पदराचा डाग ओल्या रुमालानं पुसत होती.

"मी सांगितलं होतं तिला," थोरला म्हणाला.

"काय?" धाकटा.

"सकाळी. खोलीत जाऊन. पायऱ्या, काच, निळा खांब, सगळं."

धाकट्याला ते उमजायला वेळ लागला. उमजलं तेव्हा तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आईला शिकवून आणलंस?" तो म्हणाला. "बाबांच्या फेरीत?"

"हो."

"आणि मी तुला मिठी मारली."

"हो."

"अरे, मला एका शब्दानं बोलायचंस. मी रात्रंदिवस माणसं लावून उतार समोर आणून दिला असता. तुझ्या नकाशातली एक रेघ मी कधी चुकवली नाही दादा, पटत नव्हतं तरी. मला वाटायचं, तू शिकलेला आहेस, तुला दिसत असेल काहीतरी, जे मला दिसत नाही." तो पट्टीकडे वळला. "पोरी, तुला मी गप्प बसवलं. माफ कर मला."

पट्टी रडत होती. काका तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. बायकोही मावशीला घेऊन तिकडेच सरकली. थोरल्याच्या बाजूला रिकामी जागा तेवढी उरली.

"आई, तुझे गुडघे..." त्यानं सुरुवात केली.

"गुडघ्यांचं नाव काढू नकोस," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बस इथं."

तो तिच्या शेजारी बाकावर बसला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पांढऱ्या केसांचा, शाळेत मार खायला बसल्यासारखा.

"मुकी म्हणत होते तुझे बाबा, वाट न सांगणाऱ्या इमारतीला. ही मुकी नाहीये. चांगली खणखणीत बोलते. माझ्या बहिणीला तिनं लांबूनच सांगितलं, तू मागून ये. मलाही तेच सांगत होती. अंगणात उभी होते ना, तेव्हा पाय शेडकडेच ओढत होते. तुझा शब्द होता म्हणून वर चढले. एकवीस पायऱ्या चोरासारखी चढले मी. कुणीतरी हटकेल, असं प्रत्येक पायरीला वाटत होतं."

"आई, मला खरंच वाटलं नव्हतं..."

"वाटलं नव्हतं कसं? तुला ठाऊक होतं." फेरीनंतर तिनं आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "ठाऊक नसतं, तर सकाळी माझ्या खोलीत कशाला आला असतास?"

तो मान खाली घालून बसला. त्याला वाटलं, निदान रडू यावं. तेही आलं नाही.

"परवा मोठी माणसं येणार आहेत," धाकटा लांबूनच म्हणाला. त्याला 'दादा' म्हणाला नाही. "काय करायचं ते तूच ठरव. मी कुणाला फोन करणार नाही."

थोरल्यानं फोन काढला. आरोग्य खात्यातल्या साहेबांचा नंबर लावला. उठून कोपऱ्यात जाऊन बोलावं असं वाटलं, पण तो जागचा हलला नाही. दालन रिकामं असल्यामुळे पलीकडचा आवाजही सगळ्यांना ऐकू येत होता.

"उद्घाटन पुढं ढकलावं लागेल, साहेब."

"अहो, काय बोलताय! पत्रिका गेल्यात. काय झालं, गळतंय का कुठं?"

"नाही. दर्शनी भाग पाडायचा आहे. पायऱ्या, काच, सगळं."

"सुरक्षेचा प्रश्न आहे का?"

"नाही."

"मग? मी वर काय कारण सांगू?"

"माझ्या आईला आत येता येत नाही."

"अरेरे. वय झालं असेल. पण मागून उतार आहे ना? त्यांना त्या बाजूनं आणा की. नाहीतर दोन माणसं देतो, खुर्चीतून उचलून आणतील. त्यासाठी एवढी इमारत कशाला पाडताय?"

आई शेजारीच बसली होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू जात होता.

"तिचे पाय चांगले आहेत, साहेब," थोरला म्हणाला. "चढता येतं तिला. मी ही इमारत तिच्यासाठी काढलीच नव्हती. तिला ते कळलं."